आत ओढलेला हो

प्रिय स्टेलान,

हे पत्र एका दमात वाच, अर्ध्यावर बाजूला ठेवू नकोस. फोन का नाही केला म्हणशील. फोनवर तू "बरं, बरं" करत ठेवून देतोस, आणि मला जे सांगायचंय ते त्या बरं-बरंमध्ये मावणारं नाही. नाताळात तू मला एकच गोष्ट विचारली होतीस, मी घरी आलो तर बाबांना चालेल का. मी तुला उत्तर पाठवलं. त्याच उत्तराबद्दल आज पुन्हा लिहायला बसलेय.

आधी बाबांचं सांगते. ते घरी आले. शस्त्रक्रिया नीट पार पडली. स्वरयंत्र सगळं काढलं, गळ्याला पुढून एक भोक ठेवलंय आणि श्वास आता तिथूनच आत-बाहेर होतो. चेहऱ्यावर रंग आहे. पातळ पातळ खावं लागतं, त्यावरून माझ्याशी रोज भांडतात, म्हणजे नुसत्या डोळ्यांनी, पण भांडणच ते. डॉक्टरीणबाई मात्र मला बाजूला घेऊन म्हणाल्या की रोग खाली मानेत उतरलाय. उन्हाळा बरा जाईल, त्यापुढचं काही सांगता येत नाही. हे असं कागदावर लिहिताना मला रडू येतंय, पण लपवून तरी काय करू?

तुला माझ्या नव्या उद्योगाचं ऐकून हसू आलं होतं ना? हस बाबा. अख्खं आयुष्य दातांच्या दवाखान्यात "आता चूळ भरा" म्हणण्यात गेलं. निवृत्त झाल्यावर वाटलं, लोक म्हणतात आवाज चांगला आहे, तर आवाजच विकून बघू. इंटरनेटवर वेंडेला नावाच्या स्टॉकहोमच्या एका मुलीचा वर्ग लावला. एक माइक घेतला आणि आईच्या खोलीतलं कपड्यांचं कपाट रिकामं करायला गेले, तर वेंडेला म्हणाली, रिकामं अजिबात करू नका, जाड कपडे आवाज पितात. म्हणून आईचे लोकरीचे कोट होते तिथेच राहिले आणि मी त्यांच्यात स्टूल टाकून बसते. त्या कोटांना अजून तिचा वास आहे. पहिल्या दिवशी मी एक शब्दही न बोलता बाहेर आले.

सुरुवातीला काय काय धांदल झाली म्हणून सांगू! फ्रिजची घरघर माइकमध्ये येते म्हणून तो बंद केला आणि चालू करायला विसरले. सगळे मासे फुकट गेले. तोंड कोरडं पडलं की जिभेचे चटचट आवाज येतात, म्हणून आधी आंबट सफरचंद खायचं. मला वाटायचं वाचणं हेच काम. छे! वाचण्याहून दुप्पट काम पुढे असतं. अडखळलेली ओळ काढा, खुर्चीचं करकरणं काढा, दोन वाक्यांतलं अंतर सारखं करा. आणि श्वास काढा. श्वासांनी तर माझा पिच्छाच पुरवला. प्रत्येक वाक्याआधी मी नाक वाजवून हवा घेते हे मला या वयात कळलं. मग प्रोग्रॅममध्ये एक सोय सापडली: एक कळ दाबायची, की तो स्वतःच सगळे श्वास शोधून पुसून टाकतो. मला स्वर्ग सापडल्यासारखं झालं. घर तापवायच्या पंपाची माहिती देणारी फिल्म मी तशीच करून दिली आणि कंपनीवाले खूश झाले. त्यानंतर रेकॉर्डिंग झालं रे झालं, की न ऐकताच आधी ती कळ दाबायची, ही मला सवय लागली.

जानेवारीत बाबांचं निदान झालं तेव्हा इस्पितळातल्या बोलणं शिकवणाऱ्या बाईंनी सुचवलं, आवाज जाण्याआधी रोजची वाक्यं त्यांच्याच आवाजात साठवून ठेवा, नंतर पाटीसारख्या यंत्रावर बटण दाबलं की ते वाक्य ऐकू येईल. म्हटलं, हे तर माझंच काम! पण माझ्यासमोर बाबा कपाटात बसून बोलेनात. मी कानाला हेडफोन लावून टकमक बघणार आणि ते "माझा चष्मा कुठे आहे" म्हणणार, हे त्यांना बिलकूल जमेना. शेवटी आल्वारकाकांना बोलावलं, त्यांच्यापुढे बाबा मोकळे असतात. त्यांना म्हटलं, तुम्ही दोघं कोटांच्या मधे बसा, नेहमीसारखे प्रश्न विचारा, बाबा उत्तरं देतील, मी नंतर हवं ते कापून घेईन. यंत्र चालू करून मी खाली कॉफीला गेले. आणि जाताना तुझा प्रश्नही काकांच्या गळ्यात घातला. मला स्वतःला तो विचारायचं धाडस झालं नाही, हे खरं आहे.

कारण तूही जाणतोस. आईला पोचवून आलो त्या दिवशी, सगळं गाव कॉफी पीत बसलेलं असताना, तू उभा राहून बाबांना म्हणालास, "इतकी वर्षं ती तुमच्याशी बोलत राहिली आणि तुम्ही तिला एका शब्दाने उत्तर दिलं नाहीत." बाबांनी कप खाली ठेवला आणि ते लाकडाच्या खोपीत निघून गेले. तू त्याच संध्याकाळच्या गाडीने परत दक्षिणेला, लुंडला गेलास. तुझा राग मला तेव्हा थोडा पटला होता. मलाही कितीदा वाटलंय, या माणसाला हलवून विचारावं, अहो, ऐकू येतंय का आम्ही बोलतोय ते?

तर ते रेकॉर्डिंग. मी नेहमीप्रमाणे आधी कळ दाबली आणि मग ऐकायला बसले. चष्मा, कॉफी, "दार लावा, थंडी येते", सगळं छान आलं होतं. मधेच काकांचा आवाज, "स्टेलान घरी यायचं म्हणतोय. येऊ दे ना त्याला?" त्यानंतर काहीच नाही. नुसती पोकळी. मग काकांचं खोकणं आणि पुढचा प्रश्न, जाळी यंदा कोण दुरुस्त करणार. मी तो तुकडा पुन्हा पुन्हा ऐकला. बाबा गप्प बसले होते. तेच मी तुला कळवलं, की विचारलं, पण बाबा काही बोलले नाहीत. तुझं कार्ड आलं त्यावर एकच शब्द होता: "कळलं." ते कार्ड मी बाबांना दाखवलं नाही.

आता इस्पितळातून आल्यावरची गंमत ऐक, गंमत म्हणजे तेव्हा मुळीच नव्हती. यंत्रावर मी सगळी वाक्यं चढवून दिली. चष्म्याचं बटण बाबा दाबायचे, कॉफीचं दाबायचे, थंडीचं तर मुद्दाम दाबायचे, मी दारात उभी दिसले की. पण "हो" म्हणायचं बटण दाबलं की कपाळाला आठ्या. सगळ्या रेकॉर्डिंगमध्ये मला त्यांचा एकही "हो" मिळाला नव्हता, म्हणून शेवटी मी त्यांना समोर बसवून "हो" असं स्वच्छ म्हणायला लावलं होतं, अगदी बातम्यांत म्हणतात तसं. चौथ्या-पाचव्या वेळी त्यांनी यंत्र पलंगावर फेकलं आणि खडूच्या पाटीवर लिहिलं, "हा कोण माणूस?" मला वाईट वाटलं आणि रागही आला. एवढं मरमर करून आवाज जपला, त्याची ही किंमत!

दुसऱ्या दिवशी काका आले. मी स्वयंपाकघरात होते, दार उघडं होतं. काका म्हणाले, बर्फ यंदा लवकर फुटणार बघ. आणि बाबांनी ओठ गोल केले. स्टेलान, तू इतकी वर्षं दक्षिणेत काढलीस, आठवतंय का तुला आपल्या उत्तरेकडचं ते? पहिल्यांदा तुझी पाउलिना इथे आली होती, तिने विचारलं कॉफी घेणार का, आणि बाबांनी ओठ गोल करून सर्रकन हवा आत ओढली. ती बिचारी घाबरून पाणी आणायला धावली, तिला वाटलं म्हाताऱ्याला दमा लागला! आणि आई हसून हसून खुर्चीतून पडायची बाकी राहिली होती. म्हणाली, "अगं, हो म्हणाले ते." बाबांनी आयुष्यात दुसऱ्या तऱ्हेने कधी हो म्हटलंय का? आपण सगळेच तसे म्हणतो; मी दवाखान्यात म्हणत होते, तूही शाळेत म्हणायचास. माइकसमोर बसताना मी ते सोडलं, कारण वेंडेलाने सांगितलं, असं कुणाला कळत नाही, असा आवाज विकला जात नाही.

बाबांनी ओठ गोल केले आणि काहीच झालं नाही. हवा आता तोंडाने आत जात नाही ना, ती गळ्यातून जाते. ते तसेच बसून राहिले, ओठ गोल करून, आणि मग त्यांनी तोंड मिटलं. काका खिडकीबाहेर बघायला लागले. माझ्या हातात बटाटे सोलायची सुरी होती, ती मी तिथेच टाकली आणि जिना चढले. मला एकदम समजलं होतं मी काय पुसून टाकलंय.

मूळ रेकॉर्डिंग, नशीब, मी जपून ठेवलं होतं. काही न पुसता, काही न कापता ते पहिल्यापासून ऐकलं. काय सांगू तुला! मला जिथे जिथे पोकळी वाटली होती तिथे तिथे बाबा बोलत होते. काका आईचं नाव घेऊन विचारतात, हा एलेनचा हिरवा कोट ना? श्वास. लग्नाच्या वाढदिवसाला तूच आणलेलास ना? श्वास, आणि हा जरा लांब. तिची फार आठवण येते का रे? त्यावर तर दोन. आईशी बाबा इतकी वर्षं बोलत आले होते रे. तिला ते ऐकू यायचं, आपल्याला नाही आलं. आणि मग तुझा प्रश्न आला. काका "येऊ दे ना त्याला" म्हणतात, त्यातला "त्याला" पुरता व्हायच्या आत बाबांनी हवा ओढलेली आहे. इतक्या घाईने, की काकांच्या शब्दाचं शेपूट त्यात बुडालंय.

मी खाली येऊन काकांवर ओरडले. म्हटलं, तुम्ही तिथे बसला होतात, मला सांगितलं का नाही? ते माझ्याकडे असे बघत राहिले, जसं काही मीच वेडी. म्हणाले, "तुझ्या यंत्रात आहे की सगळं. तू ऐकलंच असशील." आता या माणसांना काय म्हणायचं सांग.

मग मी तो श्वास कापून घेतला. माझ्या आजवरच्या कामातलं हे सगळ्यात काळजीने केलेलं काम. मागेपुढे कोटांची जराशी सळसळ राहू दिली, काढली नाही. तो "हो"च्या बटणावर चढवला, यंत्र बाबांच्या मांडीवर ठेवलं आणि समोर बसले. सांगितलं, स्टेलानने यायचं विचारलं होतं आणि मी त्याला कळवलं की तुम्ही काही बोलला नाहीत. बाबांचा चेहरा पडला. मी विचारलं, "आता त्याला काय लिहू? ये म्हणून लिहू?" त्यांनी बटण दाबलं. आपल्या घरात पुन्हा तो आवाज झाला. मी म्हटलं, बरं, लिहिते. त्यांनी पुन्हा दाबलं. मी उठले, कागद आणला, त्यांनी पुन्हा दाबलं. एक गोष्ट दोनदा सांगणं ज्यांना जन्मात जमलं नाही, ते बाबा, स्टेलान. मला वाटलं बटण अडकलं की काय, म्हणून मी हात पुढे केला. त्यांनी माझा हात बाजूला सारला आणि पुन्हा दाबलं.

तुझीच,
गुनवोर