लंडनचा कोट

कळंब, रविवार संध्याकाळ, मे १९५९

बॅरिस्टर होऊन आज गावी उतरलो. भर उन्हात कोट घातला होता, बाला दाखवायचा म्हणून. स्टँडवरच्या हॉटेलवाल्यानं मला ओळखलं नाही. कोट पाहून बाक पुसला, "बसा साहेब" म्हणाला. मला न्यायला आलेला बा शेजारी टेकला, तसा हॉटेलवाला धावला. "बुद्धाची दीक्षा घेतली म्हून साहेबाजवळ बसून राह्यला काय बे?" आणि भट्टीतला चिमटा बाच्या तोंडावर हाणला. कायले? तर मला खूश करायला! मी त्याचं डोकं भट्टीच्या कडेवर आपटलं. पुन्हा आपटलं. मेला असता तर? गर्दी जमली, पण या कोटाला हात लावायची कुणाची छाती झाली नाही.

बाचा ओठ फाटला होता. तो एवढंच म्हणाला, "पोरा, कोट तं नाई ना फाटला?"