सासऱ्यांच्या गाडीच्या ब्रेक डिस्क

शनिवार, ७. सकाळी ८
बायको ३० तारखेला निवृत्त होतेय. शेवटच्या दिवशी ऑफिसात तिच्या वडिलांच्या गाडीतूनच जायचं म्हणते. गाडी चाळीस वर्षांची, ब्रेक दाबला की थरथरते. पुढच्या दोन्ही डिस्क बदलायच्या. मेकॅनिक कशाला? दोन डिस्क, चार बोल्ट. जेवणाआधी मोकळा. सासरे असते तर बघत राहिले असते. मला त्यांनी कधी साधी काच पुसू दिली नाही.

दुपारी २
ब्रेक ऑइलची डबी काठोकाठ भरली. उगाच कंजूषपणा नको. एक चाक निघालं. प्रगती उत्तम.

रविवार, ८
डिस्क एका इवल्याशा स्क्रूने धरलेली असते. दुरुस्तीच्या व्हिडिओत होतं म्हणे, मी तेवढा भाग पुढे ढकलला होता. जोर लावला, स्क्रूचा माथाच गुळगुळीत झाला. आज त्याला विश्रांती.

शनिवार, १४
संकल्प: रोज एक तास, न चुकता. मधले पाच दिवस पाठ धरली होती, ते मोजायचे नाहीत. स्क्रू ड्रिलने काढला. जुनी डिस्क हातोड्याने सुटली ती थेट पायावर. बायकोने बर्फ आणून दिला आणि पुन्हा खिडकीत जाऊन बसली. तिचं हे खिडकीत बसणं मला आवडत नाही.

रविवार, १५
डिस्कला चिमटीत धरणारे नवे पॅड जाड, म्हणून त्यांना दाबणारा पिस्टन मागे रेटावा लागतो. रेटला. डबीतलं ऑइल उसळून मडगार्डवर. हे ऑइल रंग खातं, असं शेजारच्या निवृत्त बस ड्रायव्हरने कुंपणापलीकडून सांगितलं. आधी सांगायला काय झालं होतं?

मंगळवार, १७
रंग फुगून सुटला. गाडीखाली पडल्या पडल्या सासऱ्यांना सुनावलं, तुमचा रंगच कच्चा होता. सुदैवाने आसपास कोणी नव्हतं.

शनिवार, २१
दोन्ही बाजू फिट! अंगणातच गाडी दोन हात पुढे घेतली. करकर. ड्रायव्हरसाहेबांचं निदान: पॅड उलटे. लोखंडी बाजू डिस्कला घासतेय. नव्या डिस्कवर गोल चरे पडलेत. तसे ते जुन्या गाडीला शोभतात.

गुरुवार, २६
शोभत नाहीत. सोमवारी ती बसने गेली तर मी तिला तोंड कसं दाखवू? सांगायचं धाडस होत नाही. उद्या नक्की.

शनिवार, २८
मेकॅनिक दारात, हातात नव्या डिस्क. मी बोलावला नव्हता. म्हणाला, बाईंनी सात तारखेला सकाळी सव्वाआठलाच फोन करून आजची वेळ घेतली होती. म्हणजे माझ्या कामाला तेव्हा पंधरा मिनिटं झाली होती.

त्याने दोन तासांत काम उरकलं. बायकोला जाब विचारला, मग मला तीन आठवडे राबू का दिलं?

"बाबांशी तुम्ही कधी धड चार वाक्यं बोलला नाहीत," ती म्हणाली. "आता गाडीखाली पडलात की त्यांच्याशी भांडत होतात. मी खिडकीत बसून ऐकायचे. बरं वाटायचं."



सोमवार, ३०
गाडी तीच चालवत होती. पुढच्या सीटवर सासऱ्यांचा फोटो, बेल्ट लावून. मी मागे. सिग्नलला गाडी कशी अलगद थांबली! ऑफिसच्या दारात सगळे बघायला जमले होते, त्यांच्यासमोरही तशीच. तिच्या साहेबांनी कौतुकाने विचारलं, ब्रेकचं काम कोणी केलं? मी छाती काढून तोंड उघडलं. बायको आरशातून बघत होती.

मेकॅनिकचा नंबर दिला.