स्टेशनापासून घर

अप्पा, तुम्ही मागितलेला नकाशा आज काढायला बसले आहे.

पण आधी आठवते ते आपले तंजावूरचे स्वयंपाकघर. तुम्ही दिवसभर शाळेत मुलांना भूगोल शिकवून आलेले, आई चुलीपाशी रसम उकळते आहे, आणि तुम्ही कोलमचे, दारापुढच्या रांगोळीचे, पीठ माझ्या हातात देऊन म्हणता, "ही खोली जमिनीवर काढ पाहू. आधी उत्तर कुठें तें सांग, मग प्रमाण धर. हातभर जागा म्हणजे एक बोट." मी चूल काढली, खिडकी काढली आणि पीठ वाटायचा दगड चुलीच्या दुप्पट काढला.

"एवढा कां गे?"

"मला तोच दमवतो, अप्पा."

"खरेंच आहे की तिचें," आई म्हणाली. तुम्हीही हसलात. मग मात्र तळहाताने तो दगड पुसून टाकलात. "दमणूक नकाशांत येत नाही. जें जेवढें, तेवढेंच काढायचें. त्यावर भरंवसा ठेवून कोणी निघतो, त्याला चुकवूं नये."

लग्न होऊन पुण्यास निघाले तेव्हा स्टेशनवर तुम्ही मला तुमची शाळेतली लाकडी फूटपट्टी दिलीत. पुढे मला तिथे मुलींच्या शाळेत नोकरी लागली आणि तुमची कार्डे येऊ लागली. स्टेशनापासून घर कुठल्या दिशेस, चालत किती वेळ, शाळा कुठे, नकाशा काढून पाठव, म्हणजे एकदा येऊन जाईन. सासरी माझ्या तंजावूरच्या जुन्या वळणाच्या मराठीला सगळे हसत. "अगंबाई, ही तर बखरीतून उठून आलीय," असे जाऊबाई बैठकीत पाहुण्यांना सांगत. मी हळूहळू तिथल्यासारखे बोलायला शिकले होते. तुम्ही आलात तर त्या बैठकीत पुन्हा तेच हसू होईल, या वेळी तुमच्यावर, आणि मी गप्प बसेन, हे मला ठाऊक होते. म्हणून लिहिले, घर गावाबाहेर आहे, रस्ता फार लांब, वाहन मिळत नाही, तुम्हाला झेपणार नाही. ते लिहिताना इंजिनाची शिट्टी घरात ऐकू येत होती. नकाशा पाठवलाच नाही. प्रमाण धरून काढला असता तर तुम्हाला लगेच कळले असते.

तुमचे उत्तर आले, "बरें. आतां तुला गावाबाहेर कल्पितों." पुन्हा नकाशा मागितला नाहीत.

तुम्ही गेल्यावर तंजावूरला आले. त्याच चुलीपाशी आई मला वाढत होती. म्हणाली, "पान मांडलें तरी बसत नसत. इकडे काळोख झाला की म्हणत, तिकडे सूर्य उशिरा मावळतो, अजून उजेड असेल. पण शाळेतून तिचा रस्ता लांब. ती घरीं पोचूं दे, मग वाढ. सगळें गार होऊन जायचें. आतां तूं जेव."

मी जेवले. तिलाही काही सांगितले नाही.

आज ती फूटपट्टी घेतली. उत्तर दाखवली, प्रमाण कोपऱ्यात लिहिले, शाळा काढली, स्टेशन काढले आणि स्टेशनापासून घरापर्यंत रेघ ओढली. इंचभरही होत नाही, अप्पा. खरे सांगते, घरापाशी आल्यावर हात थांबला नाही. रेघ थोडी पुढे, गावाबाहेरच्या दिशेस, गेली आहे. पुसलेली नाही.