टोमॅटोचं पारणं

१७ नोव्हेंबर, सोमवार
आज पहाटे विठ्ठल मंदिरातून निर्माल्याची गोणी सायकलवर आणली. गच्चीत दहा पिशव्या भरल्या: माती, निर्माल्य, भाजीची सालं. टोमॅटोची रोपं लावली. पैठणला शेती करणारा मेहुणा कडूबा म्हणाला, दाजी, कचरा आधी दोन महिने कुजू द्या. देवाची फुलं मुळातच शुद्ध, थांबायचं कशाला? त्यानं डीएपी खत दिलंय. दर सोमवारी झाडाला चिमूटभर. मंदिराच्या तात्यासाहेबांना शब्द दिला: ३० जानेवारी, द्वादशीच्या पंगतीची कोशिंबीर माझ्या टोमॅटोची.

१ डिसेंबर, सोमवार
एकादशी. झाडांनाही उपवास. नुसतं पाणी. सरिता हसली. बायकोची श्रद्धा कमी पडते.

२ डिसेंबर
झाडांचं पारणं. उपाशी होती, म्हणून मूठभर खत. तृप्त दिसली.

५ डिसेंबर
पानांच्या कडा करपल्या. थंडी.

१६ डिसेंबर
काल पुन्हा सोमवारी एकादशी. आज पारणं. अशक्तपणा पाहून दोन मुठी.

२१ डिसेंबर
दहाही गेली. कडूबाला फोन केला, खत भेसळीचं दिलंस म्हणालो. तो मलाच म्हणतो, चिमूट म्हणलं व्हतं दाजी, मूठ नाय! अन् तेबी कच्च्या कचऱ्यात! मुळं शिजली की! घरचा माणूस असून दगा.
तात्यासाहेबांना कळवणार नाही. झाडांना नवी फूट येईल.

१८ जानेवारी
फूट नाही. तात्यासाहेबांनी विचारलं, किती लागले? लाल व्हायलेत, म्हणालो. विठ्ठलासमोर.

२७ जानेवारी
पाण्याच्या टाकीमागं तेलाचे चार डबे. टोमॅटोंनी वाकलेली झाडं. सरिताची! उन्हाळ्यापासून कुजवलेली सालं आणि त्याच डीएपीची चिमूट. बहीण-भाऊ सामील. इतका घात कुणी केला नव्हता. विचारलं तर म्हणते, सांगितलं असतं तर त्यांनाबी उपवास घडला असता.

२९ जानेवारी
सरिता म्हणाली, न्या, तुमचेच म्हणून सांगा. सकाळी ठरवलं, खरं सांगायचं. दुपारी वाटलं, नवरा-बायकोत माझं-तुझं काय! संध्याकाळी दर्शनाला गेलो. पुन्हा सकाळचंच ठरवलं.

३० जानेवारी
पंगत बसली. कोशिंबिरीचं लई कौतुक. उभा राहिलो, सगळ्यांदेखत सांगून टाकलं: टोमॅटो सरिताचे, माझे डिसेंबरातच गेले. कुणी वाढणं थांबवलंसुद्धा नाही. तात्यासाहेब म्हणाले, व्हय, गच्चीतली वाळकी झाडं रस्त्यावरनं दिसतात की! पौषापासनं वाट बघतोय आम्ही तुम्ही कधी सांगता त्याची. बसा आता, भात गार होतोय.