तुला चहाला पाठवलं ते

ताई,

चिऊच्या हाताला प्लास्टर घालताना मी तुला चहाला पाठवलं, ते तू दमली होतीस म्हणून नाही. आमच्या वॉर्डात मुलांशी आईबापांना बाहेर काढूनच बोलायचं असतं. "पडलीस कशी गं?" मी विचारलं. ती म्हणाली, "मावशी, आईनं सांगितलंय ते सांगू, की खरं सांगू?"

भाऊजींची तक्रार मीच केली. चौकशीवाले येऊन गेल्यापासून तू रोज माझ्याकडे येतेस, तुझ्या संसारावर उठलेल्या त्या मेलीला शिव्या घालतेस आणि मी तुझ्या पाठीवरून हात फिरवत "हो गं" म्हणते.

हे पत्र फाडणार आहे. भाऊजी अजून घरातच आहेत. तुला कळलं तर तू चिऊला घेऊन यायची बंद होशील. मग तिच्या बाह्या वर करून कोण बघणार?

तुझी धाकटी