अस्सल सहांची यादी

स्टॅनमोर,
४ मे २०२५

चि. हरीश यास,
अनेक आशीर्वाद.

फोन तू उचलत नाहीस. मेसेजसमोर एकच टिक येते. त्याचा अर्थ तू मला ब्लॉक केलंयस, हे तनिषानं मला समजावून सांगितलं. स्वतःच्या मुलीकडून असलं ऐकणं बरं वाटत नाही. पत्र मात्र पोस्टमन दारात टाकणारच, म्हणून हा मार्ग.

मी ठीक आहे. गुडघा कुरकुरतो आणि अरुणा माझ्यावर कुरकुरते. तिच्या मते मी गॅरेजात राहायला जावं, जेवण तिथंच पोचवेल.

काम असं आहे. माझ्या जुन्या शेवरले ट्रकच्या इंजिनातून तेल झिरपतंय. इंजिनाचा ब्लॉक साफ करून पुन्हा रंगवावा म्हणतो. २०१०च्या हिवाळ्यात हा ट्रक अमेरिकेतल्या ऑरेगॉनहून बोटीनं इथं इंग्लंडात आला तेव्हा माझी कंबर धरली होती, ब्लॉक तूच घासून रंगवला होतास. तो करडा रंग कोणता, तेवढं कळव.

आपल्या जुन्या ट्रकांचा मेळावा ८ जूनला आहे. अस्सल सहांची यादी यंदा सतरा नावांवर आली. मी पहिल्यांदा केली तेव्हा एक्केचाळीस नावं होती. हे ट्रक कारखान्यातून सहा सिलिंडर घेऊनच निघाले, पण ज्याला त्याला आठाचा जोर आणि आठाचा आवाज हवा. सहा बाहेर निघालं की भंगारात. आता मैदानात साठ ट्रक उभे राहतात आणि बॉनेट उघडली की जन्माचं इंजिन सतरांच्याच पोटात. पहिलं नाव अजून माझं आहे.

राग आहे तो असू दे. त्याच्या शेजारी थोडा लोभही राहू दे.

तुझा,
दादा

बेसिंगस्टोक,
११ मे २०२५

ती. भाऊजींस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र हरीशच्या नावाचं, उत्तर माझं. त्यानं ते दोनदा वाचलं आणि टोस्टरखाली सरकवलं. रंगाचं नाव सांगितलं नाही. दादाला घासत बसू नकोस म्हणावं, वरूनच हात मार, एवढंच बोलला आणि कचऱ्याचा बिन बाहेर ठेवायला गेला. बिनचा वार गुरुवार आहे, हे झालं शनिवारी.

भाऊजी, तुम्ही रंग विचारलात. हरीशनं त्याच्या ट्रकचं इंजिन का बदललं, ते मात्र तीन वर्षांत एकदाही विचारलं नाहीत. तेव्हा मीच सांगते. २०२१च्या ऑक्टोबरात आम्ही एम-थ्री मोटरवेवर चढणाऱ्या स्लिप रोडवरून वर जात होतो. ट्रक पंचेचाळीस मैलांच्या वर जाईना आणि मागून लॉरी आली. मागच्या काचेत तिच्या जाळीशिवाय काही दिसत नव्हतं. तिनं कशीबशी लेन बदलली. मी शेजारी बसले होते. त्यानंतर आठवडाभर हरीश जेवताना माझ्याकडे बघत नव्हता. मग त्यानं आठाचं इंजिन आणलं. सहा काढलं त्या दिवशी तो जेवलाच नाही.

पुढच्या जूनच्या मेळाव्यात तुम्ही माईकवरून त्याचं नाव यादीतून काढलंत, आणि वर म्हणालात, "घरचा आहे म्हणून अस्सल कसा म्हणू?" लोक हसले. आमचा नकुल बापाशेजारी उभा होता. परतताना गाडीत कुणी रेडिओसुद्धा लावला नाही.

मोठ्यांना असं लिहू नये, पण मनात ठेवून मला जमत नाही. अरुणाताईंना सांगा, त्यांच्या लिंबाच्या लोणच्याची बरणी कधीच संपली. भांडण भावाभावांचं, लोणच्यानं काय पाप केलंय?

मोकळं लिहिलं म्हणून माया कमी करू नका.

आपली,
शिल्पा

स्टॅनमोर,
२३ मे २०२५

चि. हरीश यास,
अनेक आशीर्वाद.

शिल्पाचं पत्र पोचलं. मोटरवेचं मला ठाऊक नव्हतं. विचारलं नाही म्हणून ठाऊक नव्हतं, हेही कळलं.

आता माझं ऐक. घासू नकोस म्हणालास, तरी मी घासलं. तीन थर निघाले. त्याखाली ब्लॉकच्या ओतकामाची तारीख आहे: महिन्याचं अक्षर, दिवस आणि वर्षाचा शेवटचा आकडा. तो आकडा तीन आहे. ट्रक एक्कावन्नचा, इंजिन त्रेपन्नचं. कुणीतरी कधीतरी दुसऱ्या ट्रकातून काढून ह्यात बसवलेलं. सहाच सिलिंडर, त्याच जातीचं, पण ह्या ट्रकचं नव्हे. यादीचा नियम मीच लिहिलाय: जन्माचं इंजिन असेल तरच नाव.

टॉर्च लावून चारदा पाहिलं. नंतर रंगाचा डबा उघडला आणि ब्रश बुडवला. तेवढ्यात अरुणा चहा घेऊन आली. मी ब्रश पाठीमागे लपवला, हरीश. एकाहत्तराव्या वर्षी बायकोपासून ब्रश लपवला. शर्ट खराब झाला तो वेगळाच.

अजून रंग लावलेला नाही आणि कुणाला सांगितलेलंही नाही. पंधरा वर्षं ह्या एका गोष्टीसाठी लोक मला ओळखतात. रविवारी हॅरोहून एक जण खास हे इंजिन बघायला आला होता, मी त्याला नेहमीचं सगळं सांगितलं.

तुझं नाव काढण्याआधी तुला विचारलं नव्हतं. म्हणून माझ्या नावाचं काही करण्याआधी तुला विचारतोय. काय करू ते लिही. दोन ओळी पुरेत.

वाट पाहणारा,
दादा

बेसिंगस्टोक,
२७ मे २०२५

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तो तीन मी २०१०मध्येच पाहिला होता. तू वरच्या खोलीत कंबर शेकत पडला होतास आणि खाली येणाऱ्या प्रत्येकाला अस्सल सहा आणलं म्हणून हाका मारून सांगत होतास. मी एक थर दिला, तरी आकडा दिसायचा. मग आणखी दोन दिले. रंग साधा होता, कोपऱ्यावरच्या दुकानातला.

२०२२ला मैदानात ते माझ्या ओठांवर आलं होतं. एकच वाक्य. शिल्पानं विचारलंसुद्धा नाही, नुसता माझा दंड धरला. मी बोललो नाही.

शिल्पा म्हणते, तू प्रेमापोटी गप्प राहिलास. अर्धंच खरं आहे ते. नंतर मला ते गप्प राहणं आवडायला लागलं. दर वर्षी तुझं नाव पहिलं वाचलं गेल्याचं कानावर यायचं आणि मला वाटायचं, दादा आता माझ्या मर्जीवर उभा आहे. असं वाटणं चांगलं नाही. पण तू विचारलंस म्हणून लिहितो.

काय करू म्हणतोस. यादी तुझी आहे. पुन्हा रंग लावलास तर मी कुणाला सांगणार नाही, आतापर्यंत सांगितलं नाही तसंच. फक्त मग मला पत्र लिहू नकोस. ह्या वयात चौथा थर द्यायची माझ्यात ताकद नाही.

कंबर सांभाळ. वहिनींना नमस्कार.

हरीश

स्टॅनमोर,
९ जून २०२५

चि. हरीश यास,
आशीर्वाद लिहायला आज हात धजत नाही, तरी लिहितो.

काल मैदानात यादी वाचली. सोळा नावं. पहिलं नाव का नाही, ते त्याच माईकवरून सांगितलं. आधी लोकांना मी गंमत करतोय असं वाटलं. मग मी बॉनेट उघडी ठेवली आणि बाजूला झालो. एक-एक जण वाकून आकडा बघत होता आणि माझ्याकडे न बघता पुढे जात होता. तू थर दिलेस, ते मी सांगितलं नाही. तुझं नाव तिथं एकदा घेऊन झालंय, तेवढं पुरे.

बाकीच्या सोळांचेही ब्लॉक आता घासून बघायचे असं ठरलं. ते काम दुसऱ्या कुणीतरी करावं, असं सेक्रेटरीनं फार नम्रपणे सुचवलं. मी हो म्हटलं. घरी आल्यावर अरुणासमोर बसलो. मीच सगळं सांगितलं, ब्रशसकट.

रविवारी ट्रेननं बेसिंगस्टोकला येतोय. साडेअकराला पोचेन, स्टेशनवर येऊ नकोस. त्या स्लिप रोडवर काय झालं ते शिल्पाकडून कळलंय, पण मला ते तुझ्या तोंडून ऐकायचं आहे. मध्ये बोलणार नाही. त्यानंतर तुला माझ्याशी बोलायचं नसलं, तर मी दुपारच्या गाडीनं परत जाईन.

दार तेवढं उघड.

तुझा,
दादा