ताठ शिक्का

५ फेब्रुवारी, सोमवार
प्रस्ताव तिसऱ्यांदा परत. हाशिझुमे साहेब म्हणाले, "मिनोवा, जरा विचार करा." कशाचा, ते सांगत नाहीत. अकरा वर्षं सांगितलेलं नाही. माझ्या तक्रार विभागात आणखी दोन माणसं हवीत, एवढंच लिहिलंय. नवीन गीझर बाजारात आल्यापासून फोन थांबत नाही. माझ्या हाताखालची कुझुमी दिवसाला ऐंशी फोन घेते. तिचा घसा बसलाय.
या कचेरीत सहीऐवजी प्रत्येकाचा नावाचा शिक्का, आणि तो डावीकडे कलता असतो. डावीकडे साहेबांचा रकाना. कागदावरसुद्धा वाकून नमस्कार! बास झालं. उद्यापासून माझा शिक्का ताठ.

६ फेब्रुवारी, सकाळी ९.१०
शिक्का कलला. शाईची गादी जुनी आहे, एका बाजूने सुकलेली. नवीन आणली. स्वतःच्या पैशाने.

९ फेब्रुवारी
बैठक. साहेबांनी विचारलं, "गीझर बाजारात आणायची तारीख कोणी ठरवली?" त्यांनीच. सगळे चहाकडे बघत बसले. मी बोलणारच होतो. तोंडात चहा होता.
बाहेर आल्यावर शेजारच्या विभागाचा नोसे म्हणतो, "मिनोवा, तुझी मानही आता शिक्क्यासारखी झालीय रे." नोसेने स्वतःची मान बघावी.
संकल्प: मी माझ्या माणसांना स्पष्ट बोलणार. काय चुकलं, कुठे चुकलं, सगळं.

१३ फेब्रुवारी
कुझुमी आली. आवाज फाटलेला. "साहेब, आपला कागद कुठे अडलाय?" म्हटलं, प्रक्रिया चालू आहे. "महिनाअखेर माणसं आली नाहीत तर माझ्याच्याने होणार नाही, साहेब. डॉक्टर म्हणतात, बोलणं बंद करा. मी काय, खुणा करू फोनवर?" फोनचा तक्ता करून आणला होता. त्यात काहीतरी कमी होतं. काय, ते सुचेना.
म्हटलं, जरा विचार करा.
माझा सूर वेगळा होता.

१९ फेब्रुवारी, दुपारी
मारला! ताठ! प्रस्ताव स्वतः नेऊन दिला. साहेबांनी कागद बराच वेळ पाहिला. शिक्क्यावर बोट ठेवलं. "घाईत केलेला दिसतो."
नवीन प्रत काढली. शिक्का कलता मारला. हा डावपेच आहे. वाघसुद्धा झेप घेण्याआधी वाकतोच.

२३ फेब्रुवारी
साहेब म्हणाले, "बघू." अकरा वर्षांत पहिल्यांदा! त्यांना हाताळायची कला असते. एकट्याने महागडा ईल माशाचा भात खाल्ला. मोठी थाळी.
कुझुमीला सांगितलं, काम झाल्यात जमा. ती हसली नाही. आवाजच नाही म्हणा तिला.

२७ फेब्रुवारी
एक माणूस मंजूर. नोसेच्या विभागात. हरामखोर. सगळेच.
साहेबांना जाब विचारायला गेलो. त्यांनी मान वर केली. मी आभार मानले. विभागातर्फे.

१ मार्च
कुझुमीचा राजीनामा. एक ओळ. शेजारी तिचा शिक्का, खिळा ठोकल्यासारखा ताठ. पहिल्यांदाच नीट पाहिला. मागचे कागद काढून बघितले. तिचा नेहमीच ताठ होता.
म्हटलं, जरा विचार करा.
घोगऱ्या आवाजात म्हणाली, "झालाय करून, साहेब."
कागद पुढे हाशिझुमे साहेबांकडे जायचा. तिच्या शिक्क्याशेजारी माझा शिक्का मारला. कलला.
शाई नवी आहे. म्हणजे टेबलालाच उतार असणार.